सुनेनं माझे पाय वर केले त्याची हकिकत

श्रीयुत अमृतराव व्याहीबुवांस,

पैनगंगेच्या अलीकडून चंपतरावाचा हात जोडून नमस्कार. विहीणबाई मालनबाईंना आम्हा दोघांचाही नमस्कार पोचवावा. आपली पाठदुखी कशी आहे? विहीणबाईंचा ऑपरेशन केलेला डोळा आता नीट दिसत असेल. (म्हणजे डोळ्यानं नीट दिसत असेल. डोळा दिसायला पहिल्यापासून नीटच होता, गैरसमज नसावा.) म्हैस व्याली का, कापसाची वेचणी कुठवर आली, हेही कळवावं. इकडे सर्व खुशाल आहे. हे शेवटचं वाक्य मी सवयीनं लिहिलं, पण लिहून झाल्यावर थोडा वेळ त्याच्याकडं बघत बसलो. कारण मागच्या आठवड्यात ते खोटं ठरता ठरता राहिलं, आणि राहिलं ते आपल्या मुलीमुळं.

फोन असताना पत्र काऊन, असं आपण म्हणाल. एक तर फोनवर आपण दोघेही एकाच वेळी बोलतो आणि दोघेही एकाच वेळी थांबतो, त्यामुळं मागच्या दिवाळीपासून आपलं एकही बोलणं पुरं झालेलं नाही. दुसरं म्हणजे, पंकजनं आपल्याला त्या दिवशी घाईघाईत फोन करून "बाबाला माशी चावली, पण आता बरे आहेत" एवढंच सांगितलं, आणि त्यावर आपण मोठ्यानं हसलात, असं कळलं. हसणं साहजिक आहे. माशी म्हटल्यावर माणूस हसणारच. म्हणून ती कुठली माशी, कुठं चावली आणि पुढं काय काय झालं, हे सविस्तर लिहावं असं वाटलं. तिसरंही एक कारण आहे, ते ओघात येईलच.

आपली सुनयना नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली हे आपल्याला ठाऊक आहे. रोज सकाळच्या बसनं आदिलाबादला जाते, संध्याकाळी येते, आल्यावर भाकरी टाकते आणि भाकरी टाकता टाकता पुटपुटत पाठ करते. त्यामुळं आमच्या घरात जो धडा चालू असतो तो आजार सगळ्यांना होतो. हाडांचा धडा होता तेव्हा पंकजच्या हाताला घरातले सगळे पंचे बांधून झाले. श्वासाचा धडा होता तेव्हा मी दुपारी झोपलो की ही उंबऱ्यात बसून माझा श्वास मोजायची. (सासऱ्याच्या खोलीत सुनेनं यायचं नाही ही आपल्याकडची रीत ती पाळते, म्हणून उंबऱ्यातून.) मग आला अलर्जीचा धडा. तिनं सासूमार्फत मला विचारलं, की मामाजींना कशाची अलर्जी आहे का. मार्फत अशासाठी, की लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी ती माझ्याशी थेट बोलत नसे आणि मीही तिच्याशी थेट बोलत नसे. आमचं सगळं दळणवळण मथुराबाईच्या तोंडून चाले. मथुराबाईनं प्रश्न माझ्यापर्यंत आणलाच नाही, तिथल्या तिथं उत्तर दिलं, "आमच्याकडं नाई बाई तसलं काई. आमी साधी मानसं." तिला वाटलं अलर्जी ही मोटारगाडीसारखी वस्तू आहे, ऐपत असली तर असते. त्याच संध्याकाळी ठेच्याच्या मिरच्या भाजून मथुराबाई लालबुंद होऊन शिंकत बाहेर आली, तर सुनयना तिला उजेडात उभी करून मान, कान, कोपरं तपासू लागली. मी ओसरीवरून बघत होतो आणि हसत होतो. आता सांगायला हरकत नाही, चांगला पोट धरून हसत होतो.

आता मूळ गोष्टीकडं येतो. आमच्या विहिरीवर मोटारीचा स्टार्टर आहे, त्याचा पत्र्याचा डबा आपण मागच्या खेपेला पाहिला होता. ("झाकण बदला" असं आपण म्हणालाही होतात. झाकणाचा यात काही संबंध नाही, तरी आठवलं म्हणून लिहिलं.) मागच्या आठवड्यात सकाळी वांग्याला पाणी द्यावं म्हणून मी डबा उघडला. आत गांधीलमाश्यांनी पोळं केलेलं. मी बटण दाबायला हात घातला आणि त्यांना वाटलं घर पाडायला कोणी आला. एक मानेवर बसली, एक मनगटावर. तुम्हाला गांधीलमाशीचा अनुभव असेल तर पुढचं लिहायला नको. नसेल तर मिळवू नका. मी आपला धोतर सावरत, तोंडाला येईल ते बोलत, घरापर्यंत धावत आलो. याआधीही मला एकदा चावली होती. तेव्हा सगळा हात कोपरापर्यंत भोपळ्यासारखा झाला होता आणि चार दिवसांत उतरला होता. तेव्हा यावेळीही तसंच होईल असं धरून मी ओसरीवर बसलो.

खेड्यात माणसाला काही चावलं की औषध शोधावं लागत नाही, औषधंच चालत येतात. शेजारचे धोंडीबा आले, त्यांनी मानेवर चुना लावला. मथुराबाईनं चुन्यावर हळद लावली. कोणी तरी कांदा चोळला, कोणी लोखंडाची किल्ली घासली. धोंडीबा माझे जुने दोस्त, जिवाला जीव देणारे. त्यांनी सुई आणून नांगी शोधायला सुरुवात केली. एवढ्यात मला तळहाताला आणि तळपायाला खाज सुटली. मग डोक्यात. मग जिथं माशी बसलीच नव्हती अशा सगळ्या ठिकाणी. "पित्त उठलं," मथुराबाई म्हणाली आणि आमसुलाचं पाणी करायला आत गेली. मला पोटात मुरडा आला, डोळ्यांपुढं काजवे आले, आणि मी म्हणालो, "आता मी काई जगत नाई."

त्या दिवशी सुनयनाच्या कॉलेजला अभ्यासाची सुट्टी होती म्हणून ती घरी होती. मागच्या अंगणात कपडे धूत होती. हे वाक्य ऐकून ती हात पुसत आली. मथुराबाई तिला म्हणाली, "काई नाई व, हे तर रोजच म्हनतात." आणि खरं सांगायचं तर ते खरं आहे. वांग्याचा भाव ऐकला तरी मी तेच म्हणतो. पण सुनयनानं नंतर सांगितलं, की तिच्या धड्यात हे चक्क लक्षण म्हणून दिलेलं आहे. अशा वेळी माणसाला आपोआप वाटू लागतं की आता काहीतरी वाईट होणार. म्हणजे चाळीस वर्षं मी जे उगीच बोलत आलो ते त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर जागी पडलं.

तिनं काय केलं ते ऐका. आधी ओल्या फडक्यानं माझ्या अंगावरची हळद आणि चुना पुसून काढला. धोंडीबा "अवो, औषध काऊन पुसता?" म्हणेपर्यंत पुसूनही झालं. हळदीखाली छातीभर, पोटभर लाल गांधी उठलेल्या. मग मला म्हणाली, "मामाजी, तुमचं नाव सांगा." व्याहीबुवा, सून सासऱ्याला त्याचं नाव विचारते! मी नाव सांगितलं, तर आवाज माझा नव्हताच. घोगरा, बसलेला, कोणी तरी नरडं धरून बोलायला लावल्यासारखा. ओठ भजीसारखे फुगले होते. मथुराबाई आमसुलाचं पाणी घेऊन आली, ते सुनयनानं हातातून काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं. "आत्या, तोंडानं काई द्यायचं नाई. गळा सुजून राह्यला, ठसका लागंल." सासूच्या हातातून भांडं काढून घेणारी सून आमच्या आळीत याआधी झालेली नाही.

मला मात्र तेव्हा एकच कळत होतं, की आपण उठून बाहेर मोकळ्या हवेत जावं. मी उठू लागलो. आणि जी मुलगी दोन वर्षांत माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती ती अशी ओरडली, की रस्त्यावरची माणसं थांबली. "मामाजी, उठायचं नाई! पडून राहा!" तिनं मला खांद्याला धरून ओसरीवर आडवं केलं, वांग्याचे दोन रिकामे क्रेट ओढले, माझे दोन्ही पाय धरले आणि उचलून त्यावर ठेवले. सणावारी पाया पडताना माझ्या अंगठ्याला बोट लागेल न लागेल इतपत जपणारी सून ही. त्या दिवशी घोटे पकडून पाय वर केले. धोतराचं काय झालं ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असलं तरी मी आपल्याला लिहिणार नाही. तेवढं मथुराबाईनं बघून घेतलं.

नंतर तिनं मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. माशी चावली तिथं सूज आली तर ते साधं. पण चावली मानेला आणि गांधी उठल्या पोटावर, वर आवाज बसला, उलटी आली, चक्कर आली, असं सगळं एकत्र आलं तर शरीरच गडबडून स्वतःवर धावून जातं. रक्ताचा जोर एकदम उतरतो. अशा वेळी माणूस ताडकन उभा राहिला तर तिथंच संपू शकतो. म्हणून आडवं ठेवायचं आणि पाय वर. (श्वासच घेता येत नसेल तर टेकून अर्धवट बसवायचं, हेही ती म्हणाली. धडा पुरा लिहिलेला बरा.) आणि यावर औषध एकच, ते म्हणजे इंजेक्शन. चुना नाही, कांदा नाही, किल्ली तर नाहीच नाही.

पंकजनं एकशेआठला फोन लावला. त्यांची गाडी दुसऱ्या बाजूच्या गावाला बाळंतिणीला घेऊन गेलेली होती. येतो म्हणाले, पण वेळ लागणार होता. सुनयनानं फोन हातात घेतला आणि तेलुगूत सांगितलं, की आम्ही थांबत नाही, मंडलाच्या (आपल्याकडच्या तालुक्यासारखं) गावच्या दवाखान्याकडं निघालो. शेजारचा महिपत त्याच वेळी मालाच्या ऑटोत फुलकोबी भरून आदिलाबादच्या बाजाराला निघाला होता. त्याला थांबवून चार पोती उतरवली, आणि मला घोंगडीसकट उचलून मागं आडवं घातलं. पाय कशावर ठेवायचे? उरलेल्या फुलकोबीच्या पोत्यांवर. एका बाजूला मथुराबाई देवाचं नाव घेते आहे, दुसऱ्या बाजूला सुनयना माझं मनगट धरून बसलेली, पंकज पुढं. खड्डा आला की माझे पाय पोत्यावरून खाली आणि सुनयनाचे हात खालून वर. महिपत मागं न बघता ओरडत होता, "काका, जीव धरून राहा, आलाच दवाखाना!" मी जीव धरूनच होतो, पण तो निसटू पाहत होता. श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला वांगी आठवली नाहीत, भाव आठवला नाही. पंकजचा मुंजीच्या वयातला चेहरा आठवला आणि पुढं बसलेल्या पंकजची नुसती पाठ दिसत होती. वाटलं, वळून बघ रे एकदा.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई लहान वयाच्या, हैदराबादकडच्या, मराठी अजिबात नाही. माझं तेलुगू बाजाराचं. त्यात भाव, वजन आणि भांडण एवढंच येतं, आजार येत नाही. सुनयनानं दारातूनच काय चावलं, कधी चावलं, आधी कधी असं झालं होतं, आत्ता काय काय होतंय, हे सगळं एका दमात सांगितलं. बाईंनी ऐकता ऐकताच सुई भरली. मी कमरेच्या तयारीत कुशीवर वळू लागलो, तर त्यांनी मांडीत टोचली, बाहेरच्या अंगाला. इंजेक्शन मांडीत देतात हे आम्हाला कुठलं ठाऊक! नाकावर ऑक्सिजन लावला, हाताला सलाईन. "पर्वालेदु, पर्वालेदु," म्हणजे काही हरकत नाही, असं त्या म्हणत राहिल्या. मग माझं काळीज असं धडधडू लागलं आणि हात असे थरथरू लागले, की मला वाटलं सुटलो माशीतून आणि मेलो सुईतून. सुनयना वाकून म्हणाली, "त्या औषधानं असंच होते, मामाजी. होऊ द्या." आणि खरंच, एखादा बोळा नळीतून हळूहळू सुटावा तसा गळा मोकळा झाला. मी एक लांब श्वास घेतला. व्याहीबुवा, साठी ओलांडली, पण श्वास घेतला की बरं वाटतं हे मला माहीत नव्हतं.

बरं वाटल्यावर मी काय करावं? चप्पल शोधू लागलो. वांग्याला पाणी राहिलं होतं, बैल बांधलेले होते. सुनयना म्हणाली, नाही, इथंच राहायचं, हे परतून येऊ शकतं. मी मथुराबाईकडं बघून म्हणालो (जुनी सवय, मार्फत बोलायची), "तिला म्हना, मी आता ठनठनीत आहो." मथुराबाईनं मार्फतीचं काम तिथंच सोडलं. "तुमीच म्हना तिले," म्हणाली. मी म्हणालो नाही, पडून राहिलो. दुपारी जेवणाच्या सुमाराला पुन्हा खाज सुटली, पुन्हा छातीवर गांधी, पुन्हा तो घोगरा आवाज. बाईंनी पुन्हा मांडीत सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठेवून घेतलं. मी चप्पल घालून निघालो असतो तर त्यानं मला वांग्याच्या वाफ्यात गाठलं असतं. तिथं मोटार आहे, विहीर आहे, पण आपली मुलगी नाही.

आता ते तिसरं कारण. पहिल्या सुईनंतर माझा डोळा लागला होता. जागा झालो तर खिडकीतून दिसलं, सुनयना बाहेर नळाजवळ बसली होती आणि तिचे हात माझ्यासारखेच थरथरत होते. तिला तर कोणी सुई दिली नव्हती. मथुराबाईनं तिला जवळ घेतलं, तेव्हा ती रडली. पुस्तकात वाचलेलं तिनं पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तेही घरच्या माणसाच्या अंगावर. ती आत आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मामाजी, मी तुमच्यावर ओरडले." माफी मागत होती हो ती! मला खूप काही म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि निघालं काय, तर "पानी देतेस का थोडं?" तिनं पाणी दिलं. मी प्यायलो. झालं. त्यानंतर आठवडा गेला, रोज मनात जुळवतो आणि रोज तिच्याजवळ पाणीच मागतो. घरात कोणी एवढं पाणी पीत नाही. तिला तोंडावर म्हणता येत नाही म्हणून ते आपल्याला लिहितो, कारण ती आपली आहे आणि आपण तिला आमच्याकडं दिली. व्याहीबुवा, आपले आणि विहीणबाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत. यापेक्षा चांगले शब्द असतील, पण ते मला बाजारात कधी लागले नाहीत.

स्टार्टरमधलं पोळं पंकजनं माणूस बोलावून काढवलं. डॉक्टरीणबाईंनी पुढं मोठ्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं आहे, त्याप्रमाणे जाऊ. महिपतची फुलकोबी त्या दिवशी सगळ्यांत आधी विकली गेली. तिच्यावर माझे पाय होते हे त्यानं गिऱ्हाइकांना सांगितलं नाही, आपणही सांगू नये. धोंडीबा आता चुना लावण्याआधी "सूनबाईले विचारून घ्या" म्हणतात. सर्वांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद.

आपला, आपल्या मुलीच्या कृपेनं अजून सही करू शकणारा,
चंपतराव

ता. क. – एक लहानशी विनंती राहिली. पत्र खरं म्हणजे या विनंतीसाठीच लिहायला घेतलं होतं, पण वरती जागा सापडली नाही. संक्रांतीच्या सुट्टीत पंधरा दिवस सुनयनाला माहेरी न्यायचं आपण ठरवलं आहे. यंदा ते रद्द करता आलं तर पाहावं. त्या दिवसांत वांग्याचा तोडा असतो, माश्या कुठून येतील सांगता येत नाही, आणि मथुराबाईला अजूनही आमसुलाच्या पाण्याचा भरवसा आहे. दरखास्त मंजूर व्हावी. कारण मात्र आपलंच सांगावं, माझं नाव घेऊ नये.

ता. क. दुसरा – वरचा ता. क. रद्द समजावा. पत्र पाकिटात घालायला सुनयनाकडं दिलं, तिनं सगळं वाचलं. स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ आली नाही, आणि आली ती न मागता पाण्याचा तांब्या घेऊन. मग म्हणाली की अॅलर्जी असं लिहायचं, अलर्जी नव्हे, आणि संक्रांतीला ती आईकडं जाणार म्हणजे जाणार. तेव्हा असं ठरलं आहे, की मीही तिच्याबरोबर येतो. पंधरा दिवस पुरे आहेत. मला तिखट चालतं, झोपायला ओसरी चालते. फक्त आपल्या न्हाणीच्या छपरात काही लोंबत असेल तर आम्ही येण्याआधी काढून घ्यावं. मुलगी माहेरी येते तेव्हा सासरा मागून राहायला येतो, असं आपल्या दोन्ही गावांत कोणी ऐकलेलं नाही, हे मला समजतं. लोकांनी विचारलं तर सांगावं, सोबत म्हणून आले आहेत. कोण कोणाच्या सोबतीला, हे सांगायची जरूर नाही.